डफ, खंजिरी आणि रॅप : उसन्या तालातली आपली भाषा

मराठी समीक्षेने लयीचा विचार केलाच नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. माधव ज्यूलियनांनी ‘छंदोरचने’त आवर्तनांची वर्गवारी केली, मर्ढेकरांनी तर संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर आपले सबंध सौंदर्यशास्त्र उभे केले. तरीही पदव्युत्तर वर्गात छंदांचा तास घेताना असे जाणवत राहते की, या विचारातून आपण नेमका कान तेवढा वगळला आहे. ज्यूलियनांचे लक्ष गायिल्या जाणाऱ्या पद्याकडे होते. अभ्यासक्रमात मात्र ‘छंदोरचना’ उतरली ती लघुगुरूंच्या खुणा करण्यापुरती. मर्ढेकरांची लय भावनिक समतानतेच्या दिशेने इतकी सूक्ष्म होत गेली की, तिला ऐकू येणाऱ्या आवाजाची गरजच उरली नाही. परिणामी, ज्या काव्यप्रकारात ताल हाच आशयाचा अर्धा भाग असतो, त्याच्यासमोर आपली समीक्षा एक तर मौन बाळगते किंवा ‘लोकप्रिय संस्कृती’ या सोयीच्या खणात त्याला टाकून मोकळी होते.

राजकीय आशयाचे हिप-हॉप हा असाच एक काव्यप्रकार आहे. त्याच्याकडे माझे लक्ष गेले ते विद्यार्थ्यांमुळे. वाशीम जिल्ह्यातील महाविद्यालयात मराठी शिकणारी ही मुले ज्या गोष्टी मोबाइलवर ऐकतात, त्यांत मुंबईचे, अमरावतीचे रॅप असते आणि पॅलेस्टिनी, ट्युनिशियाई रॅपही असते. अरबी त्यांना कळत नाही. पण काय चालले आहे, ते कळते असा त्यांचा दावा आहे. तो मला प्रथम उथळ वाटला नाही आणि आता तर मुळीच वाटत नाही.

या संगीताची घडण थोडी उलगडून पाहिली पाहिजे. त्यात किमान तीन धारा एकत्र येतात. पहिली अमेरिकेतील काळ्या लोकांच्या फंक संगीताची. जेम्स ब्राउनने साठीच्या दशकात आपल्या वाद्यवृंदाला आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर सारा भार द्यायला लावला. आपल्या परिभाषेत सांगायचे तर, त्याने समेला राजकीय वजन दिले. दुसरी धारा नायजेरियाच्या फेला कुटीची. त्याने आणि त्याचा ढोलवादक टोनी ॲलन याने फंकच्या ठोक्यांत योरुबा तालांची गुंफण आणि समूहाचे प्रत्युत्तर मिसळून जे घडवले, त्याला आफ्रोबीट म्हणतात. फेला पिजिन इंग्रजीत गात असे. लागोसच्या बाजारातील भाषा वापरली की ती अनेक भाषकांना एकदम कळते, हे त्याचे गणित होते. लष्कराची टर उडवणाऱ्या ‘झॉम्बी’नंतर फेब्रुवारी १९७७ मध्ये शेकडो सैनिकांनी त्याच्या वसाहतीवर हल्ला केला, त्याच्या वृद्ध आईला खिडकीतून खाली फेकण्यात आले आणि पुढच्या वर्षी ती मरण पावली. तिसरी धारा अरबी बोलींची. लोद या शहरातील ‘डॅम’ या पॅलेस्टिनी गटाचे ‘मीन इरहाबी’ हे गीत २००१ मधले. दहशतवादी नेमका कोण, असा त्याच्या शीर्षकातच प्रश्न आहे. ट्युनिशियाचा एल जनराल याने नोव्हेंबर २०१० मध्ये राष्ट्राध्यक्षालाच उद्देशून रॅप केले. जानेवारी २०११ च्या आरंभी त्याला अटक झाली आणि त्याच महिन्याच्या १४ तारखेला तो राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाला. या गायकांनी ग्रंथांची आणि वृत्तनिवेदनाची प्रमाण अरबी बाजूला ठेवून घरातली, गल्लीतली अरबी वापरली. आमच्या विद्यार्थ्यांना ‘कळते’ ते हेच असावे. शब्द परके असले, तरी प्रमाणभाषेला दिलेला धक्का त्यांच्या ओळखीचा असतो.

या धारांपैकी एकीचा उगम मराठी साहित्याच्या इतिहासाला चिकटून आहे. फेला कुटी १९६९ मध्ये अमेरिकेत गेला, तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये सँड्रा स्मिथ या ब्लॅक पँथरच्या विचारांच्या तरुणीने त्याच्या हाती काळ्यांच्या मुक्तिलढ्याची पुस्तके दिली. त्याचे राजकीय गाणे तेथून सुरू झाले असे तो सांगत असे. त्याच ब्लॅक पँथरचे नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि त्याच वर्षी ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला. एकाच स्फुरणाची दोन टोके अशी लागोसला आणि कामाठीपुऱ्याला निघाली. पण लागोसला त्यातून ताल निघाला आणि आपल्याकडे मुक्तछंद. पँथरांचे गाणे मराठीत नव्हतेच असे नाही. ते वस्त्यांत होते, जलशांत होते, कव्वालीच्या मुकाबल्यांत होते. फक्त ते ‘साहित्य’ नव्हते. दलित साहित्याच्या समीक्षेने, अगदी त्याचे स्वतंत्र सौंदर्यशास्त्र मांडणाऱ्यांनीही, आधार प्रामुख्याने छापील कवितेचा आणि आत्मकथनाचा घेतला. वामनदादा कर्डकांची गाणी ज्या घरांत पाठ होती, त्याच घरातील मुलगा एम.ए.ला आला की त्याने दलित कविता म्हणून वाचायची ती मुक्तछंदातली. आईच्या ओठांवरचे गाणे त्याने ‘लोकवाङ्मय’ या वेगळ्या प्रश्नपत्रिकेसाठी राखून ठेवायचे. ही फाळणी मला आपल्या वाङ्मयीन व्यवस्थेतील एक मोठी अडचण वाटते आणि रॅपने ती पुन्हा उघडी पाडली आहे.

रॅपवर आपल्याकडे घेतला जाणारा पहिला आक्षेप परकेपणाचा असतो. देशीयतेच्या चर्चेनंतर तर तो सैद्धांतिक भाषेतही घेता येतो. त्याला दिले जाणारे उत्तरही ठरलेले आहे : रॅप म्हणजे आपली शाहिरीच, नवे काही नाही. मला हे दोन्ही पक्ष सारखेच आळशी वाटतात. ‘शाहीर’ हा शब्दच अरबी ‘शाइर’पासून आलेला आहे. त्याच्या हातातला डफ अरबी, तो ज्यात गातो तो जलसा अरबी, त्याचा सवाल अरबी आणि प्रतिस्पर्ध्याचा जवाबही अरबीच. कव्वालीचा ‘कौल’ आणि मुकाबला हे शब्दही त्याच मुलखातले. शाहीर ज्या हक्कासाठी आणि ज्या जुलुमाविरुद्ध गातो, ते ‘हक्क’ आणि ‘जुलूम’ही त्याच भाषेतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. मराठीतील निषेधाची सबंध शब्दकळा आणि तिचे मंचीय रूप हे असे उसने आहे आणि तरी त्याच्याहून अधिक मराठी काही दाखवता येणार नाही. ज्या माधव ज्यूलियनांनी फारसी-मराठी कोश रचला आणि मराठीत गझल रुजवली, त्यांनीच पुढे भाषाशुद्धीचा कैवार घेतला. एकाच व्यक्तीत हे दोन ज्यूलियन नांदले. आपली समीक्षा त्यांतल्या दुसऱ्याच्या बाजूला जरा अधिक झुकली, इतकेच.

तेव्हा प्रश्न उसनवारीचा नाही. उसनवारी कोण करतो आणि कशासाठी, हा आहे. आंबेडकरी गायकांनी हिंदी चित्रपटगीतांच्या चाली सर्रास घेतल्या. अभिजनांना त्यात कल्पकतेचा अभाव दिसला. पण श्रोत्यांना ती चाल आधीच ठाऊक असते, म्हणून शब्द पहिल्याच ऐकण्यात पोचतात. ज्याला सभागृह नाही, ध्वनिमुद्रिका नाही, दुसरी संधी नाही, त्याच्यासाठी हा हिशेब अगदी व्यवहारी होता. १९७३ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात जमैकातून आलेल्या कूल हर्कने दोन तबकड्यांवर जुन्या फंक गीतांतील ढोलाचा तुकडाच पुनःपुन्हा वाजवायला आरंभ केला, तेव्हा त्याने तरी वेगळे काय केले? दुसऱ्याच्या चालीतली आपल्याला हवी तेवढीच जागा त्याने उचलली आणि तिथे आपली माणसे उभी केली.

वऱ्हाडात या प्रकाराची स्वतःची वंशावळ आहे आणि ती शाहिरीच्या पुणेरी इतिहासात सामावत नाही. गाडगेबाबांचे कीर्तन हे वऱ्हाडीतील प्रश्नोत्तर होते. बाबा विचारत, समुदाय ओरडून उत्तर देई, आणि त्या उत्तरात तो स्वतःच्याच अज्ञानाची कबुली देऊन बसे. तुकडोजी महाराजांची खंजिरी तर डफाचीच धाकटी बहीण. १९४२ च्या आंदोलनात खंजिरीवरच्या भजनांनी चिमूर-आष्टी भागात जे वातावरण पेटवले, त्यापायी महाराजांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात जावे लागले. भजनाची संहिता तपासून पाहिली, तर तीत राजद्रोह शोधावा लागेल. सरकारला तो खंजिरीच्या ठेक्यात आणि हजारोंच्या टाळीत ऐकू आला. आमच्या जिल्ह्यात मंगरुळपीरला हयात कलंदरांचा दर्गा आहे. पोहरादेवीला सेवालाल महाराजांची समाधी आहे आणि तांड्यांवर होळीला डफावर लेंगी गायिली जाते. पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४ मध्ये जे बंजारा विरासत संग्रहालय सुरू झाले, त्याचे दुसरे नाव ‘नंगारा भवन’, आणि नंगारा म्हणजे पुन्हा अरबी ‘नक्कारा’. या मुलखात वाढलेल्या मुलाला चामड्यावर पडणारी थाप आणि तिच्यावर स्वार झालेले बोलणे यांची ओळख कोणत्याही अमेरिकन तबकडीच्या आधी झालेली असते. (लेंगीची भाषा गोरबोली आहे, मराठी नव्हे, मराठी विभागांनी तिला ‘आपली’ म्हणताना थोडे जपून राहावे.)

आता मराठी रॅपकडे. मुंबईतील ‘स्वदेशी’ या गटात मराठी, हिंदी, गुजराती अशा भाषांचे गायक एकत्र आले. एमसी मवाली मराठीत गातो. २०२२ मध्ये अकाली गेलेला एमसी तोडफोड गुजरातीत गात असे. ‘द वारली रिवोल्ट’मध्ये त्यांनी आरे वसाहतीतल्या प्रकाश भोईर या वारली गायकाला बरोबर घेतले. मला तो प्रयोग महत्त्वाचा वाटतो तो एका कारणासाठी. भोईरांचा आवाज तेथे मधल्या शोभेच्या लोकगीतासारखा येत नाही. त्याच्या लयीला जागा करून देण्यासाठी यांत्रिक ठेक्याला थांबावे लागते. अमरावतीतून विपीन तातड आणि ‘१०० आरबीएच’ या नावाने गाणारा सौरभ अभ्यंकर पुढे आले. आणि एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे व उमेश खाडे या दोन तरुणांवर केवळ त्यांच्या रॅपगीतांमुळे पोलिसांत गुन्हे नोंदले गेले. मुंगासेच्या गीतात सत्तांतराची टवाळी होती, कोणाचे नाव मात्र नव्हते. तक्रार करणाऱ्याने ते नाव स्वतः पुरवले. व्यंजना वाच्यार्थात नसते, सहृदयाच्या ठिकाणी प्रकटते, हा सिद्धान्त आपण वर्षानुवर्षे जुन्या उदाहरणांनी शिकवत आलो; पोलीस ठाण्यातील प्राथमिक माहिती अहवाल हे त्याचे इतके नेमके उदाहरण ठरेल, असे आनंदवर्धनाला वाटले नसते. शासनसंस्थेने या प्रकाराचे वाचन समीक्षकांच्या आधी केले आणि, खेद वाटतो, पण अधिक गांभीर्याने केले. हे पहिल्यांदा घडले असेही नाही. कबीर कला मंचाच्या कलावंतांनी तुरुंगवास भोगला, तेव्हाही त्यांच्या गाण्यांच्या रचनेविषयी वाङ्मयीन नियतकालिकांत फारसे काही लिहून आले नाही. लिहून आले ते अभिव्यक्तिस्वातंत्र्याविषयी. गाणाऱ्याच्या बाजूने उभे राहणे आणि त्याचे गाणे ऐकणे यांत फरक असतो.

मध्यंतरी एका चर्चासत्रात रॅपवर निबंध वाचणाऱ्या विद्यार्थिनीला विचारले गेले, “यात साहित्य कोठे आहे?” प्रश्न कुत्सित नव्हता, विचारणारे गृहस्थ व्यासंगी होते. तिने बांधिलकी, विद्रोह, वेदना असे शब्द सांगितले. ते सगळे खरे होते, पण त्यातून उत्तर मिळत नव्हते, कारण हे शब्द कोणत्याही निवेदनपत्रालाही लागू पडतात. उत्तर तिच्या निबंधात नव्हते, तिच्या बोलीत होते.

एक साधे उदाहरण घेतो. प्रमाण मराठीत ‘गेला होता’ म्हणायला आठ मात्रा लागतात : चार गुरू अक्षरे. ज्यूलियनांच्या परिभाषेत पद्मावर्तनाचे एक आवर्तन यात पूर्ण होते. रॅपचा सर्वसाधारण एकक म्हणजे चार ठोक्यांचा ‘बार’. ठोक्याचे दोन भाग पाडले की, त्याच्याही आठच मात्रा होतात. म्हणजे या दोन शब्दांनी सबंध बार भरून जातो. बातमी कळते, पण दुसऱ्या कशालाही जागा उरत नाही. आमच्या भागात याला ‘गेल्ता’ म्हणतात. चार मात्रा. त्यात ‘ल्’ आणि ‘ता’ एकमेकांवर आदळतात, त्यामुळे ठोका बाहेरून द्यावा लागत नाही, शब्दच तो देतो. आणि अर्धे आवर्तन मोकळे राहते. त्या मोकळ्या अर्ध्यात काय होते, यावर रॅपकाराची कसोटी लागते. तो तिथे दुसरा शब्द कोंबू शकतो. साथीदाराचा हुंकार घेऊ शकतो. जलशातले झीलकरी हेच करीत आणि फेलाच्या मागे उभ्या गायिकाही हेच करीत. किंवा तो तेथे गप्प राहू शकतो. ‘बाप बाजारात गेल्ता’ यानंतर अर्धे आवर्तन शांतता आली, तर सोयाबीनचा भाव सांगावा लागत नाही. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांसाठी केंद्राने ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज जाहीर केले, त्यांत वाशीम होता. येथील श्रोत्याला ती शांतता भरता येते.

बोलीतला हा संक्षेप ज्याला आपण वर्गात ‘अशुद्ध’ म्हणून तांबड्या शाईने सुधारतो, तो रॅपमध्ये रचनेचे मूळ साधन ठरतो. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ने १९६० मध्ये वऱ्हाडीला कादंबरीत प्रतिष्ठा दिली, पण ती संवादांची, पात्रांच्या तोंडची. निवेदन प्रमाणभाषेतच राहिले. रॅपमध्ये निवेदक आणि पात्र असा भेदच उरत नसल्यामुळे बोलीवर पात्रांपुरते राहण्याची सक्ती नाही. माझ्या मते या प्रकाराचे मूलगामीपण सर्वांत आधी येथे आहे. घोषणा कोणत्याही भाषेत देता येते. परक्या तालाला आपल्या बोलीच्या अंगाने वाकायला लावणे ही मात्र भाषेच्या आत घडणारी सत्तेची उलथापालथ आहे.

याच निकषावर बरेचसे मराठी रॅप टिकत नाही, हेही सांगितले पाहिजे. पुष्कळ गीतांत ठेका तयार विकत घेतलेला असतो, त्यावर ‘क्रांती’, ‘आग’, ‘वाघ’ हे शब्द यमकासाठी बसवलेले असतात, आणि क्रियापदे हिंदीच्या वळणाने जातात. दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धांनी तर विद्रोहालाही एक ठरीव आविर्भाव दिला आहे. स्त्रियांचा आवाज अद्याप अगदी थोडा आहे. जात्यावरच्या ओव्यांची एवढी संपत्ती ज्या भाषेत आहे, तिच्यात हे विशेषच खटकते. शिवाय उसनवारीच्या अर्थकारणाचा प्रश्न आहे. जेम्स ब्राउनच्या १९७० मधल्या ‘फंकी ड्रमर’ या गीतातला ढोलाचा तुकडा जगभरच्या असंख्य हिप-हॉप गीतांत वापरला गेला. तो वाजवणारा क्लाइड स्टबलफील्ड २०१७ मध्ये वारला तोवर त्याला त्यातून जवळजवळ काही मिळाले नाही. आपल्याकडे ‘चाल : पारंपरिक’ असे लिहून आपण कितीतरी स्टबलफील्ड पुसून टाकले आहेत. विलास घोगरे यांचे नाव १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारानंतर त्यांनी केलेल्या आत्महत्येमुळे आणि पुढे आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’मुळे सर्वांना कळले, तसे काही घडले नसते, तर त्यांची गाणीही ‘पारंपरिक’ झाली असती.

चर्चासत्रातील त्या विद्यार्थिनीने आता हाच विषय लघुप्रबंधासाठी घेतला आहे. तिचे काम सध्या एका अगदी साध्या जागी अडले आहे. परिशिष्टात गीतांचे शब्द द्यायचे तर ते कसे लिहायचे? प्रमाण लेखनाप्रमाणे लिहिले, तर ‘गेल्ता’चे ‘गेला होता’ होते आणि आवर्तन मोडते. बोलीप्रमाणे लिहिले, तर शुद्धलेखन तपासणारा ते पुन्हा सुधारतो. छंदःशास्त्राच्या खुणा घातल्या, तर लघुगुरू दिसतात, पण ठोका कोठे पडतो, ते दिसत नाही. शेवटी तिने वहीची पाने आडवी धरून प्रत्येक ओळीचे आठ रकाने पाडले. शब्द ज्या मात्रेवर पडतो, त्या रकान्यात तो लिहिते, समूहाचा आवाज असेल तेथे निळी शाई वापरते. जे रकाने रिकामे राहतात, त्यांत काय लिहावे, हे तिने मला विचारले. तूर्त ती तेथे एक आडवी रेघ ओढते.